तळच्या ओळीतली काच

१

बर्फ उतरल्यावर राइली आपल्या वाफ्याची हजेरी घेत असे. पस्तीस वर्षे शाळेत निसर्गविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईला शोभेल अशीच ती हजेरी असे: गुडघ्यांखाली जुन्या गादीचा तुकडा, मांडीवर चौकटींची वही, कानामागे पेन्सिल. कुर्किलाहतीसारख्या उत्तरेकडच्या गावात फुलझाड रंग पाहून निवडायचे नसते, हे ती बागमंडळाच्या बायकांना दर हिवाळ्यात सांगे. "आधी विचारा, फेब्रुवारीत उणे पस्तीस झालं तर हे काय करेल. मग विचारा, एप्रिलात दिवसा वितळून रात्री परत गोठलं तर काय करेल. फूल कसं दिसतं, हा तिसरा प्रश्न." दक्षिणेकडच्या रोपवाटिकांच्या चकचकीत सूचीपत्रांवर तिचा काडीइतकाही विश्वास नव्हता. तिच्या वाफ्यात जे होते ते गावातल्याच कुठल्या ना कुठल्या अंगणात चाळीस-पन्नास हिवाळे काढून आलेले होते.

सायबेरियन आयरिस: हजर. डे-लिली: हजर. निळ्या टोपीचा विषारी बचनाग: हजर, आणि तो गैरहजर राहण्याची शक्यताही नव्हती. डेल्फिनियमच्या तीन गड्ड्यांपैकी दोन उगवून आले होते. फ्लॉक्सपुढे तिने फुलीऐवजी प्रश्नचिन्ह घातले. जूनचा मध्य उलटेपर्यंत कुठल्याही बहुवर्षायू रोपाला मेलेले म्हणायचे नाही, असा तिचा नियम होता. प्रत्येक रोपाशेजारी जस्ताची पट्टी खोचलेली असे आणि तिच्यावर खिळ्याने कोरलेले असे नाव, कुणाच्या अंगणातून आले ते घर, आणि लावल्याची तारीख.

वाफ्याच्या मधोमध कोला जातीची पिओनी होती, मोठ्या गुलाबी फुलांची. मागच्या सप्टेंबरात लावलेली. जागा बदललेली पिओनी एक उन्हाळा तरी रुसून बसते, दोन-चार पाने दाखवली तरी उपकार समजायचे, हे राइलीने शेकडो वेळा इतरांना सांगितले होते. तिने वरचा पाचोळा बोटांनी बाजूला केला. गर्द लाल रंगाचे, बोटभर उंचीचे नऊ कोंब वर आले होते. तिने ते पुन्हा मोजले. नऊच.

वहीत आकडा लिहिताना पाठीमागे काच वाजली.

टिण, टिण, टिण. मग थोडी उसंत. मग पुन्हा तीन.

आवाज तिच्याच घराच्या काचबंद ओसरीतून आला होता. तिचा नवरा तौनो लाकूड गिरणीत गेला होता, घरात कुणी नव्हते. राइली लगेच वळली नाही. लिहून झालेल्या आकड्याखाली तिने एक सरळ रेघ ओढली, पेन्सिल कानामागे ठेवली आणि मग वळून पाहिले. ओसरीच्या छोट्या चौकोनी काचांच्या सहा ओळी उन्हात चमकत होत्या. आत वेताची खुर्ची होती, जेरेनियमच्या कुंड्या होत्या. धोबी पक्षी असणार, तिने स्वतःला सांगितले. मे महिन्यात धोबी आपल्याच प्रतिबिंबाशी भांडतो आणि काचेवर चोच आपटतो. हे खरेच आहे, आणि ती ते मुलांना शिकवीतही असे.

फक्त धोबी कुठे दिसला नाही.

२

कुर्किलाहतीत रोप मागायचे नसते. मागून आणलेले रोप रुसते, दिलेल्याचे आभार मानले तर वाळते, आणि चोरून आणलेले मात्र खडकातही फुलते, अशी तिथली समजूत होती. त्यामुळे ज्याला ज्याचे झाड हवे असे तो हातात खुरपे घेऊन भर दुपारी त्याच्या अंगणात जाई आणि बोटभर मूळ काढून घेई. घरमालकाने पाहिले तर त्याने बाहेर यायचे नसे. त्याने फक्त आतून काच वाजवायची. आणि चोराने वळून पाहायचे नसे, हसू दाबत फाटकाबाहेर पडायचे. दुसऱ्या दिवशी दुकानात गाठ पडली की मालकीण म्हणे, "यंदा उंदीर फार झालेत बाई माझ्याकडं," आणि चोर म्हणे, "मांजर पाळा की एखादं." व्यवहार पुरा होई.

लेम्पीकाकूंच्या अंगणातली कोला पिओनी साऱ्या गावाला हवी होती. लेम्पीकाकू एकोणऐंशी वर्षांच्या, विधवा, राइलीच्या घरापासून तिसऱ्या घरात एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या सासूने ती पिओनी लावलेली होती. पण त्या झाडाच्या बाबतीत त्यांनी खेळ मोडला होता. "बाकी काय हवं ते ने," त्या राइलीला तोंडावर म्हणाल्या होत्या, "पण त्याला हात लावलास तर काच नाही, तुझं डोकं वाजवीन. म्हाताऱ्या मुळाला म्हाताऱ्या बाईसारखंच असतं, हलवलं की गेलं." दोघी हसल्या होत्या. त्यातले एक हसणे खरे नव्हते.

आठ सप्टेंबरला, मंगळवारी, दुपारी साडेअकराच्या सुमाराला राइली तिथे गेली. लेम्पीकाकू मंगळवारी या वेळेला सहकारी दुकानात जातात, असा तिचा हिशेब होता. खुरप्याऐवजी तिने फावडे नेले होते, ही पहिली गोष्ट. तिने बोटभर मूळ घेतले नाही, अर्धा गड्डा घेतला, ही दुसरी. फावड्याखाली जाडजूड मूळ करकरून तुटले तेव्हा पाठीमागे काच वाजली.

तीनदा वाजली. राइलीचे कान तापले. म्हणजे त्या घरातच होत्या, आणि त्यांनी फावडे पाहिले होते. पुन्हा तीनदा. तिने वळून पाहिले नाही. चालीरीत तशीच होती, आणि त्या क्षणी ती रीत तिच्या फार सोयीची होती. तिने गड्डा पोत्यात घातला, खड्ड्यावर पायाने माती लोटली आणि फाटकाकडे निघाली. तीनदा काच वाजली, तिसऱ्या खेपेनंतर काही नाही, असे तिने पुढे स्वतःला सांगितले, आणि इतक्या वेळा सांगितले की ते वाक्य गुळगुळीत होऊन गेले.

बुधवारी आणि गुरुवारी ती त्या रस्त्याने गेली नाही. दुकानात जायला तिने खाडीकाठचा लांबचा रस्ता धरला. गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला लेम्पीकाकूंचे धुरांडे दिसले. त्यातून धूर येत नव्हता. हवा काही इतकी थंड नाही, असे तिच्या मनात आले आणि तिने बटाटे सोलायला घेतले.

शुक्रवारी टपालवाल्याला पेटीत तीन दिवसांची वर्तमानपत्रे साचलेली दिसली. लेम्पीकाकू काचबंद ओसरीत, काचांना अगदी लागून, जमिनीवर पडलेल्या होत्या. डोक्यातली शीर, डॉक्टर म्हणाले.

अंत्यविधीला राइलीने आपल्या बागेतल्या शेवटच्या अ‍ॅस्टरची परडी नेली. ती गावातली सर्वांत सुंदर परडी होती, असे नंतर सगळे म्हणाले.

३

मेअखेरपर्यंत राइलीने वहीच्या शेवटच्या पानावर एक तक्ता आखला होता. तारीख, वेळ, वारा, तापमान, शेरा. आपण घाबरलेलो नाही, निरीक्षण करीत आहोत, असे त्या तक्त्यामुळे म्हणता येत होते.

तक्त्यावरून तीन गोष्टी निघत होत्या. एक, काच वाजे ती राइली वाफ्यात गुडघे टेकून बसलेली असे तेव्हाच. दोन, ती वळली की आवाज थांबे, आणि ओसरीत जाऊन बसली तर तासभर बसूनही काही ऐकू येत नसे. तीन, आवाज खालून येई. ओसरीच्या काचांची सर्वांत तळची ओळ फरशीपासून वीतभरच वर होती. उभ्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. खुर्चीत बसलेल्याचाही पोचत नाही.

तिने चौकटींत काचा बसवायची लांबी तपासली, एका ठिकाणी ती सुटली होती तिथे नवी भरली. छपराच्या कडेची पन्हळ साफ केली. मग एके सकाळी तळच्या ओळीतल्या सगळ्या काचांना तिने आतून साबणाचा पातळ हात दिला आणि तो वाळू दिला. काचा धुरकट पांढऱ्या झाल्या. त्या दिवशी तिने मुद्दामच वाफ्यात जास्त वेळ काढला. आवाज आला. ती वळली नाही, संपेपर्यंत ऐकत राहिली आणि मग आत जाऊन गुडघ्यांवर बसून एकेक काच पाहिली.

कोपऱ्याकडून तिसऱ्या काचेवर साबण सहा जागी उडाला होता. प्रत्येक ठिपका वाटाण्याएवढा, लांबट. त्यांच्या खाली, काचेच्या अगदी कडेला, साबण पुसला गेल्याचा एक पसरट डाग होता. गाल टेकला तर पडेल एवढा.

राइलीने ओले फडके आणून सगळ्याच काचा स्वच्छ पुसल्या. तक्त्यातला शेऱ्याचा रकाना तिने मोकळा सोडला.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी ती तळघरात जुने बटाटे निवडत होती. तौनो बाहेर गवत कापत होता. ती टोपली घेऊन वर आली तेव्हा तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी, पायांतले बूट काढून, रिकाम्या कपापुढे बसला होता.

"कॉफी कुठंय?" त्याने विचारले.

"कसली कॉफी?"

"अगं, बोलावलंस ना. काच वाजवलीस तू."

"मी तळघरात होते, तौनो."

तो तिच्याकडे पाहत राहिला. तिच्या हातांना माती होती, टोपलीत कोंब फुटलेले बटाटे होते.

"मग कुणी वाजवली?"

"धोबी असेल."

"धोब्याला चमचा कुणी दिला?" तौनो म्हणाला. "चांगली चमच्यानं वाजवल्यासारखी वाजली. तीन, आणि परत तीन."

"आणि तू लगेच आलास."

"मग काय करायचं? काच वाजली की माणूस येतोच ना." त्याने कप पुढे सरकवला. "बरं, आता आलोच आहे तर टाक. तुलाही एक कप टाक, तुझा चेहरा पांढरा पडलाय."

तिने कॉफी टाकली. पाणी उकळेपर्यंत तौनो शिटीत एकच सूर वारंवार वाजवीत होता, आणि काच वाजली की माणूस येतोच, हे आपण किती सहज बोललो याचा त्याला पत्ताही नव्हता. राइलीची मान त्याच्याकडे पाठ करूनही वर होईना.

४

मध्यउन्हाळ्याच्या सणाआधी आठवडाभर लेम्पीकाकूंची मुलगी सिर्का स्वीडनहून आली. ती वीस वर्षे तिकडे, व्हेस्टेरोसच्या एका कारखान्यात होती. घर विकले गेले होते. नव्या मालकाला किल्ल्या द्यायच्या आत ते रिकामे करायचे होते. पहिल्याच दुपारी ती राइलीकडे आली. राइलीने तिला पहिलीपासून शिकवले होते.

"बाई, तुम्ही तशाच आहात," सिर्का ओसरीच्या दारात म्हणाली. "मला अजून वाटतं, तुम्ही नखं तपासाल."

"दाखव."

सिर्काने दोन्ही हात पुढे केले. नखे काळी होती. दोघी हसल्या. राइलीने तिला ओसरीत न बसवता स्वयंपाकघरात नेले. वेलचीचा पाव कापला, कॉफी ओतली. थोडा वेळ भांड्यांचे, पडद्यांचे, कपाटातल्या न वापरलेल्या चादरींचे बोलणे झाले. मग सिर्काने चमचा बशीत ठेवला.

"तुम्हाला एक विचारायचं होतं. गावात दुसऱ्या कुणाला विचारवत नाही."

"विचार."

"मी त्या मंगळवारी आईला फोन केला होता. बाराच्या सुमाराला. खूप वेळ वाजू दिला. मग म्हटलं, बागेत असेल. नंतर परत केलाच नाही. बुधवारी माझी रात्रपाळी होती, गुरुवारी झोपले." ती थांबली. "डॉक्टर म्हणाले, क्षणात गेली असेल, तिला काही कळलंही नसेल. पण तिच्या हातात कॉफीचा चमचा होता, बाई. कॉफी केलेलीच नव्हती. भांडं कोरडं होतं. ती चमचा घेऊन तिथं जमिनीवर काय करत होती?"

राइलीने टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले.

"मला एवढंच कळायला हवंय की मी फोन केला तेव्हा ती धडधाकट होती. बाहेर होती, म्हणून घेतला नाही. मंगळवारी दुपारी तिला कुणी पाहिलं असेल तर." सिर्काने वर पाहिले. चाळीस वर्षांपूर्वी फळ्यावरचे उत्तर बरोबर आहे की नाही हे विचारताना ती अशीच पाहत असे. "तुम्ही पाहिलंत का?"

सत्य सांगितले तर हिचे काय होईल, असा विचार राइलीने केला. डॉक्टरांनी दिलेला दिलासा आपण काढून घेणार. आई क्षणात गेली नाही, पडून होती, जागी होती, बोलावत होती. एवढे कळून हिला काय मिळणार? हा विचार अगदी सुसंगत होता, दयाळू होता आणि त्यात कुठेही फावडे नव्हते.

"पाहिलं," ती म्हणाली. "बारा वाजायच्या आसपास. अंगणातच होत्या. मी रस्त्यानं जात होते, त्यांनी हात केला."

सिर्काचे खांदे एकदम खाली आले. तिने चेहरा ओंजळीत लपवला. मग राइलीचा हात धरून म्हणाली, "तुम्ही मला मोकळं केलंत."

ती गेल्यावर राइलीने उरलेला पाव कोंबड्यांना घातला. तिला तो खाववेना.

त्यानंतर चार दिवस काच वाजली नाही. ती मुद्दाम वाफ्यात बसून राहिली, तरी नाही. पहिल्या दिवशी तिला हलके वाटले. दुसऱ्या दिवशी त्या हलकेपणाची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी मात्र ती वाट पाहू लागली, आणि वाट पाहणे हे ऐकण्याहून वाईट होते. आपण खोटे बोलल्यावर काचेने गप्प बसायचे, हे कुणीतरी ठरवले होते. कुणी आणि का, एवढा विचार करून ती मागे फिरे.

चौथ्या दिवशी पिओनी उमलली. नऊ फांद्यांवर नऊ फुले, तळहाताएवढी, गर्द गुलाबी. सगळी एकाच सकाळी, आणि सगळ्यांची तोंडे ओसरीकडे. सूर्य दुसऱ्या बाजूला होता.

५

सिर्का निरोप घ्यायला आली ती थेट वाफ्यापाशीच थांबली. हातात बादली आणि खुरपे होते.

"हे आमचंच," ती म्हणाली.

राइली पायरीवरून उतरून तिच्याकडे गेली. "हो."

"घरचं झाड गेलं, बाई. खणून पाहिलं, अर्धा गड्डा कुजलाय, उरलेला गायबच आहे. वाटलं, संपलं. आजीचं झाड होतं ते." तिचा आवाज भरून आला होता, पण ती हसत होती. "आणि तुमच्याकडं ते असं. तुम्ही वाचवलंत."

"मी चोरलं," राइली म्हणाली.

"मग काय तर. आई कुणाला देणार होती थोडीच?" सिर्का खाली वाकली आणि जस्ताची पट्टी तिने अंगठ्याने पुसली. "अजून तारखा घालता तुम्ही. आठ, नऊ, एक्याऐंशी." तिचा अंगठा तारखेवर थांबला. "मंगळवार होता तो."

"हो."

"म्हणजे तुम्ही रस्त्यानं जात नव्हतात. आत आला होतात." ती अजूनही खेळकरपणेच बोलत होती. कोडे जमत आल्यासारखे. "मग तिनं पाहिलंच असणार. काच वाजवली का तिनं?"

"वाजवली."

"बघा. माझी आई ती." सिर्का हसली, आणि मग तिच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली, गणितात कुठेतरी हातचा चुकला की उमटे तशी. "पण मग ती अंगणात होती की आत?"

खाडीवरून वारा आला आणि पिओनीची फुले हलली. राइली म्हणाली, "मुळाला गुंडाळायला ओले कागद लागतील. मी आणते. तू खणायला घे. जून महिना आहे, तेव्हा मातीसकट मोठा गोळा काढ. अर्ध्याहून जास्त घे. सगळंच ने."

"तुम्हाला नको?"

"ने."

ती घराकडे वळली. आत जायचे, कागद घ्यायचे, बाहेर येऊन सांगायचे. पायऱ्या चढताना तिने वाक्यसुद्धा रचले. पूर्ण, साधे, कर्ता आणि क्रियापद असलेले वाक्य.

६

जुनी वर्तमानपत्रे ओसरीच्या बाकाखाली असत. तिने गठ्ठा उचलला आणि ती सरळ उभी राहिली. समोर काचांपलीकडे, दहा पावलांवर, सिर्का तिच्याकडे पाठ करून वाफ्यात गुडघे टेकून बसली होती. खुरप्याने माती मोकळी करत होती. निळा सदरा, मानेवर घाम.

तेव्हा काच वाजली.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच राइली त्या बाजूला होती. आवाज तिच्या उजव्या पायाजवळून आला. वेताच्या खुर्चीमागून, फरशीलगत. टिण, टिण, टिण. त्याच्याबरोबर दुसराही एक आवाज होता, जो बाहेरून कधी ऐकू आला नव्हता: कापड फरशीवर घासल्यासारखा, पुढे सरकायला फार कष्ट पडावेत असा.

तिने खाली पाहिले नाही. ती सिर्काच्या पाठीकडे पाहत राहिली.

पहिल्या आवाजाला सिर्काचे खांदे किंचित वर गेले आणि हसल्याने हलले. चोराने वळून पाहायचे नसते. बाई आपल्याशी खेळत आहेत, असे तिला वाटले असणार. खुरपे चालू राहिले. पुन्हा तीनदा वाजली. आता खुरपे थांबले. मान ताठ झाली. डावा हात मातीवर टेकला गेला. काहीतरी वेगळे आहे, हे त्या पाठीला कळले होते, आणि ते कळणे इथून, काचेच्या आतून, इतके उघड दिसत होते की पुस्तकातले अक्षरही तितके स्पष्ट दिसले नसते.

राइलीच्या हातातला गठ्ठा वाकला.

नऊ महिने ती एकाच गोष्टीच्या आधाराने जगली होती. आपण ऐकले, पण समजलो नाही, आणि समजलो की नाही हे आपल्याखेरीज जगात कुणीही सांगू शकत नाही. पण काचेच्या आत पडलेल्या माणसाला ते दिसत होते. फावडे थांबले, मान ताठ झाली, हात क्षणभर जागच्या जागी राहिला, आणि मग फावडे पुन्हा चालू झाले. तळच्या ओळीतल्या काचेतून, गाल फरशीला टेकलेला असताना, एवढेच तर दिसते. बाहेरची पाठ. लेम्पीकाकूंनी तिला ऐकताना पाहिले होते.

तिसऱ्यांदा काच वाजली आणि सिर्का वळली.

तिने आधी राइलीकडे पाहिले. मग तिची नजर खाली, राइलीच्या गुडघ्यांच्याही खाली गेली आणि तिथेच राहिली. तिच्या हातातले खुरपे गळून पडले. ती घाबरली नव्हती. संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी आपल्यासाठी कुणी आले आहे हे दिसल्यावर लहान मुलाचा होतो, तसा तिचा चेहरा झाला होता. ती उठली आणि घराकडे धावत सुटली.

राइलीने तेव्हा खाली पाहिले. तिसऱ्या काचेवर, फरशीपासून वीतभर उंचीवर, आतल्या बाजूने श्वासाची वाफ धरली होती. बशीएवढी. ती कडांकडून आक्रसत होती. अजून एक श्वास आला आणि ती पुन्हा रुंदावली. मग आला नाही.

दार उघडून सिर्का आत आली तेव्हा काच स्वच्छ होती. तिने खुर्ची ओढून बाजूला केली. तिथे फरशी होती, उन्हाचा चौकोन होता. ती गुडघ्यांवर बसली, काचेवर तिने हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

"इथं कुणीतरी होतं," ती म्हणाली.

"हो."

"बाई, तुम्ही तिला अंगणात पाहिलं नव्हतं."

"नाही," राइली म्हणाली. पायऱ्यांवर रचलेले वाक्य तिला आठवेना. जे होते तेच तिने सांगितले. "त्या आत होत्या. मी त्यांच्या झाडाचा अर्धा गड्डा फावड्यानं तोडत होते. त्यांनी मला बोलावलं. मी ऐकलं, आणि गेले नाही."

सिर्काने वर पाहिले.

"किती वेळा वाजवली तिनं?"

"तीनदा," राइली म्हणाली. ते गुळगुळीत वाक्य आपोआप तोंडात आले होते. तिने डोळे मिटले. "नाही. मी गड्डा पोत्यात भरला तेव्हा वाजत होती. पोतं उचललं तेव्हाही वाजत होती. मी फाटक लावून घेतलं, आणि रस्त्यावर आले, तरीही वाजत होती."